टर्बोचं गोत्र

काका कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करायचे. कप, वाटी, टॉर्च, पाहुण्यांनी आणलेला मिठाईचा डबा, काहीही. त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं मिळेल का, हे विचारायला मी पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा माझ्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा होता. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डबा मागितला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि बुडावर कोरलेलं नाव वाचलं.

"हा डबा तुमचा नाही."

"आईच्या मावशीचा आहे. त्यांच्या लग्नातला."

"हां, मग ठीक. नाव असलं की माणूस सापडतो." डबा परत देत ते आत वळून ओरडले, "अगं, खोली दाखव यांना. घराणं चांगलं आहे."

एवढीच माझी मुलाखत. भाडं, पाणी, पाहुणे, स्वयंपाक असे सगळे मुद्दे मी यादी करून नेले होते. एकही विचारायची वेळ आली नाही. त्यातला पाण्याचा तरी विचारायला हवा होता, हे पुढं कळलं.

मी तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला नवीन लागले होते. राहायला मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्याला. लोकांना हे उफराटं वाटायचं. पण कंपनीची बस तिथूनच सुटायची, म्हणजे खिडकीची जागा नक्की. मधल्या स्टॉपवरचे सगळे उभ्यानं यायचे. काकांना हा विचार फार पटला. त्यांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. मी कायमची 'स्टोअरबाई'.

त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. वडिलांनी अर्ध्या तालुक्याची लग्नं लावलेली. काका मात्र सरकारी जमीन मोजणीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. "काम एकच," ते म्हणायचे, "वडील ठरवायचे कुणाची मुलगी कुणाला, मी ठरवायचो कुणाचा बांध कुणाला. भांडणं तेवढी माझ्याकडं जास्त." शहर तेव्हा जालना रोडच्या दोन्ही अंगांनी पसरत चाललं होतं आणि ज्या जागांवर ते पसरत होतं त्यातल्या बऱ्याच जागा काकांनी साखळी टाकून मोजलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर रिक्षात बसणं म्हणजे शिक्षा. "हे मेडिकल दिसतंय ना, इथं ज्वारी होती. दोन भाऊ एका बोरीच्या झाडावरून कोर्टात गेले होते." मग रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारून, "सावकाश रे बाबा. तू आता एका विहिरीवरून चाललायस." रिक्षावाला दचकून ब्रेक मारायचा.

घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक जुनी, चौकोनी तोंडाची गाडी. तिच्यात इंजिन नव्हतं. काकांना तिच्यात टर्बोचं डिझेल इंजिन बसवायचं होतं, तेही भंगारातून जमवून, स्वतःच्या हातानं. नवी गाडी का नाही घेत, असं मी एकदाच विचारलं.

"नवी गाडी घेणं म्हणजे पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित सोडवणं."

खरं कारण काकूंनी सांगितलं. काकू सिल्लोडकडच्या. बोलायला सरळ, हसायला मोकळ्या. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी काकांनी ओळखीतून एक जीप मिळवली आणि त्यांना म्हैसमाळ दाखवायला निघाले. शेवटच्या चढावर जीप बसली. "नवी साडी नेसलेली मी, आन् चाकामागं दगडं लावायला मीच उतरले. लावली, मग काढली, मग जीप उताराला लावून आम्ही घरी. म्हैसमाळ राह्यलं ते राह्यलंच." नोकरीतही तेच. मोजणीच्या जीपमधून काका घाटाघाटात उतरून धक्के मारत आले. टर्बो त्यांना हवा होता तो वेगासाठी नव्हे. ज्या गाडीतून चढावर कुणालाही उतरावं लागत नाही, अशी एक गाडी त्यांना हवी होती.

इंजिनाचा मुख्य ठोकळा सहज मिळाला. त्यावरचा नंबर ठसठशीत होता, आरटीओत त्याची नोंदही काकांनी मोठ्या हौसेनं करून घेतली. सरकारी कचेरीत त्यांना माहेरी गेल्यासारखं वाटायचं. घोळ होता तो टर्बोचा. तो आला सुटा, एका गोणीत, दहा ठिकाणच्या लोखंडाबरोबर. गोणी देणारे भंगारवाले चाचा काकांचे जुने स्नेही. चाचांच्या गोडाऊनची हद्दही काकांनीच मोजलेली. गोणी ओतली त्या दिवसाचा संवाद मला अजून पाठ आहे.

"चाचा, ये सब एकीच गाडी का है?"

"हौ साहब, एकीच का. कसम से."

"फिर इसकू दो-दो ढक्कन कायकू?"

"एक आपकू तोहफा दिया ना."

"और ये स्प्रिंग?"

"वो तोहफे का तोहफा."

मग काका ओट्यावर मांडी घालून बसले आणि एकेक तुकडा हातात घेऊन त्याला विचारू लागले, "कोण बाबा तू? कुणाचा?" त्यांचा सिद्धान्त साधा होता. लग्नात सगोत्र चालत नाही आणि इंजिनात भिन्नगोत्र चालत नाही. ज्या भागांचं गोत्र, म्हणजे ओतीव नंबराची सुरुवात, एकसारखी ते आपले. बाकीचे वऱ्हाडात शिरून जेवून जाणारे.

पण गंजक्या लोखंडावरचे नंबर वाचता येत नाहीत. काकांनी उपाय काढला तो देवघरातून. तारेच्या ब्रशनं घासायचं, डिझेलच्या फडक्यानं पुसायचं, वाळलं की बोटावर भस्म घेऊन चोळायचं. काळ्या लोखंडावर उठावाचे आकडे पांढरे होऊन वर यायचे. असे भस्म लावलेले वीस-पंचवीस भाग ओट्यावर ओळीनं मांडलेले. एकदा पाण्याचा टँकर घेऊन आलेला ड्रायव्हर पाइप जोडायच्या आधी चप्पल काढून उभा राहिला, ओट्याला हात जोडले आणि हळूच विचारलं, "काका, कोणतं देवस्थान?"

"कंप्रेसर," काका म्हणाले.

मला त्यांनी या कामात ओढलं ते माझ्या सवयीमुळं. मी प्रत्येक गोष्टीची यादी करते. किराण्याची करते तशी भेटायच्या माणसांचीही करते. कंपनीत टाकून द्यायचे जुने पुठ्ठ्याचे टॅग मी विचारून घरी आणले आणि प्रत्येक भागाला दोऱ्यानं बांधले. त्यावर तीन शेरे: आपला, परका, माहीत नाही. सुट्टीच्या दिवशी काका ओट्यावर, मी पायरीवर. टर्बो म्हणजे नक्की काय, हे मला तिथंच कळलं.

"दोन गोगलगायी समजा," काका म्हणाले, "पाठीला पाठ लावून बसलेल्या. एकीत इंजिनाचा धूर शिरतो, आतली भिंगरी फिरवतो आणि बाहेर निघून जातो. त्याच दांड्यावर दुसऱ्या गोगलगायीची भिंगरी. ती फिरली की बाहेरची हवा ओढते आणि इंजिनात कोंबते. म्हणजे जो धूर फुकट जाणार, त्याला जाता जाता कामाला लावायचं."

आतून काकूंचा आवाज आला. "म्हंजी भांडी विसळलेलं पाणी झाडाला."

"बरोबर!" काका उडालेच. "स्टोअरबाई, तुम्हाला अर्धा तास लागला, हिला बसल्या जागी कळलं."

काकूंना कळणारच. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, टँकर आला तर आला. काकूंनी घरात पाण्याचा क्रम लावला होता आणि तो माझ्याही वरच्या खोलीला लागू होता. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजीचं भांड्यांना, भांड्यांचं फरशीला. अंगणात एक मोठं घमेलं ठेवलेलं. त्यात जे पाणी जमेल त्यात दिवसाची शेवटची धुणी-विसळणी आणि मग ते कढीपत्त्याला. घमेल्यातलं पाणी नुसतंच ओतून दिलेलं मी त्या घरात पाहिलं नाही. काकांच्या भागांना या क्रमात अगदी शेवटचा नंबर होता. डिझेलनं पुसून झाल्यावर साबणाचा हात मारायचा तो घमेल्यातल्या त्या काळ्या पाण्यात. तळ दिसायचा नाही, चाचपून काढायचं.

उन्हाळा सरता सरता सगळे भाग धुऊन झाले. बहुतेकांची गोत्रं जुळली. परके निघाले ते चाचांना परत गेले. उरलं एक कडं. बांगडीएवढं, सपाट, लोखंडी. दोन गोगलगायींच्या मधे असं एक कडं लागतंच. ते बरोबर बसलं तर दोन्ही अर्धे घट्ट मिटतात. हे बसायचं, आणि बसायचंही नाही. हवं त्यापेक्षा केसभर जाड. कितीही आवळलं तरी फट राहायची आणि हवा फुस्सकन बाहेर. त्यावर नंबरही नव्हता. भस्माचा अख्खा पुडा संपला, एक आकडा उठला नाही.

"नंबर नाही, म्हणजे चाचांनी दुसऱ्या कशाचं तरी मारलं," काकांनी निकाल दिला. दुसऱ्या दिवशी ते चाचांकडं गेले आणि बोलू नये ते बोलून आले. चाचांनीही उत्तर दिलं. "साहब, टर्बो है, कांदे नहीं, के एक सडा तो दूसरा डाल दिया. जो खोला, वोइच दिया." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. काका चाचांच्या गोडाऊनवरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जायचे. तीस वर्षांची मैत्री एका कड्यानं तुटली. त्याचं दुःख त्यांना गाडीपेक्षा जास्त होतं हे काकूंना दिसत होतं, पण काका कबूल करणारे नव्हते.

कड्याला मी टॅग बांधला: माहीत नाही. मग ते माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि वर्षभर वाळूजला नेलं-आणलं. ओळखीच्या सगळ्यांना दाखवलं. मशिनवर काम करणारा म्हणाला गिअरबॉक्समधलं असेल. डिझाइनचे साहेब म्हणाले, एक्झॉस्टच्या बाजूचं दिसतंय, उष्णता सोसलेलं. बसमधल्या एकानं तर छातीठोकपणे सांगितलं, "जपानी आहे. आपल्याकडं असलं ओतीव होतच नाही." मी घरी येऊन सगळं काकांना सांगायचे. ते मान हलवायचे. "गोत्र सांगतात सगळे, पत्ता कुणीच देत नाही."

फाल्गुनात काकूंनी पाणाड्याला बोलावलं. पावसाळा पुन्हा कोरडा गेला होता आणि गल्लीत घरोघर बोअर घ्यायचं चाललं होतं. पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणभर फिरला. गेटपाशी नारळ हलला नाही, तुळशीपाशी हलला नाही. शेडच्या दारातून आत गेला, गाडीच्या बाजूनं सरकला आणि बॉनेटपाशी नारळ तळहातावर ताडकन उभा राहिला.

"इथं."

"इथं काय?" काका म्हणाले.

"पाणी. बरोबर हिच्या तोंडाखाली."

काकांनी त्याला जमिनीच्या उताराबद्दल, मुरमाबद्दल, खडकाबद्दल बरंच ऐकवलं. पाणाडी नम्रपणे म्हणाला, "काका, मी शिकेल नाय. नारळ उभा राह्यला, मी सांगितलं." आणि दक्षिणा घेऊन गेला.

त्या दुपारी जेवताना काकूंनी विषय काढला. मी तिथंच होते; सुट्टीचं जेवण मी त्यांच्याकडंच करायचे.

"शेड काढावी लागंल."

"इंजिन बसलंय, टर्बो तेवढा राहिलाय. गाडी व्हायची आहे अजून."

"ती व्हायचीच आहे. माझे मात्र हात गेले बादल्या उचलून."

काकांनी भातावर आणखी वरण घेतलं. मग म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत थांब. तोवर तुला या गाडीतून म्हैसमाळला नेलं नाही, तर शेड पाड, गाडी चाचाला दे. मी हूं की चूं करणार नाही."

"मधी कुठं उतरावं नाय लागलं पायजे."

"नाही लागणार."

"स्टोअरबाई, ऐकलं ना गं?"

मी ऐकलं होतं. काकूंनी बोअरच्या गाडीवाल्याला तृतीयेनंतरचा दिवस सांगूनही टाकला.

काकांनी मग घाई केली, आणि घाई त्यांना कधीच मानवत नसे. माझ्याकडून कडं घेऊन बसवलं, फटीत गॅस्केटचं सोल्यूशन भरलं, त्यावर पत्र्याची पट्टी आवळली आणि चैत्रातल्या एका सकाळी आम्हा दोघींना बसवून निघाले. जालना रोडच्या सपाटीवर गाडी छान पळाली. काका आरशात बघून स्वतःशीच हसत होते. काकूंनी मांडीवर थर्मास धरलेला. दौलताबादच्या घाटाला लागलो तशी बॉनेटमधून शिट्टी सुरू झाली. आधी बारीक, मग खणखणीत. मागं काळा धूर. वळणावर पेरूची टोपली घेऊन बसलेली बाई हात वर करून ओरडली, "बाबा, कुकर उतरवा! डाळ शिजली!"

गाडी थांबली. काकांनी आमच्याकडं बघितलंही नाही. काकूंनी दार उघडलं, खाली उतरल्या, रस्त्याकडंचा एक दगड उचलला आणि चाकामागं लावला. हात झटकत म्हणाल्या, "सवय हाय."

इतक्या वर्षांनी तोच दगड. आम्ही थर्मासमधला चहा तिथंच प्यालो, पेरूवालीलाही दिला, आणि उतार धरून परत आलो. त्या दिवशी काकांनी एकही वस्तू उलटी केली नाही.

तृतीया आठवड्यावर आली. काका शेडमध्ये जायचे, गाडीवर हात ठेवून उभे राहायचे आणि परत यायचे. टर्बो पुन्हा उघडून ओट्यावर ठेवला होता, दोन गोगलगायी दोन दिशांना तोंड करून. कडं टॅगसकट परत माझ्या पर्समध्ये आलं होतं. आम्ही घरात कामं काढून हळू आवाजात बोलत होतो. अशातच काकूंनी माळ्यावरून शेवयांचं यंत्र काढलं. दुष्काळ असो काही असो, उन्हाळ्यात शेवया व्हायलाच हव्यात. यंत्र त्यांच्या आईनं दिलेलं, चांगलं जड, ओतीव लोखंडाचं. सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर बाज टाकली, बाजेच्या पट्टीला यंत्र आवळलं, काकूंनी पिठाचा गोळा वरून घातला आणि मी दांडा फिरवू लागले.

चाळणीतून दोन-चार शेवया आल्या. बाकी सगळं पीठ कडेनं बाहेर.

"आवळ गं."

"आवळलंय काकू, गच्च."

"मग हे असं काय? तोंडातून कमी आन् गालातून जास्ती!"

आवळून पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. फट होती आणि पीठ फटीतून पळत होतं. काकूंनी वैतागून यंत्राचं तोंड खोललं, चाळणी काढली, चाळणीमागची रिंग बोटावर घेऊन पदरानं पुसली. उन्हात धरली.

"हे एवढं बारीक नव्हतं. ह्याचं कडं चांगलं जाडजूड होतं."

दांड्यावरचा माझा हात थांबला. फट. कडं. केसभराचा फरक. मी उठले, खोलीत गेले, पर्समधून ते टॅग बांधलेलं कडं आणलं आणि बाजेवर ठेवलं.

काकूंनी टॅगकडं बघितलंही नाही. "गं माय! हे तर माझं! कुठं सापडलं?"

सापडलं नव्हतं. वर्षभर माझ्या पर्समध्ये वाळूजला जाऊन येत होतं. सगळ्या वाळूजला दाखवलं होतं, खाली स्वयंपाकघरात मात्र कुणी दाखवलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात शेवया झाल्यावर यंत्र खोलून धुतलं होतं ते कुठं? त्याच घमेल्यात. त्याच काळ्या पाण्यात काकांचे भाग. काकांनी चाचपून एक कडं काढलं, काकूंनी चाचपून एक कडं काढलं. एक टर्बोकडं गेलं, एक माळ्यावर.

काकूंनी तोंडावर पदर धरला आणि इतक्या हसल्या की बाज हलायला लागली. मग एकदम गंभीर झाल्या. "आता ह्यांना कसं सांगायचं?"

सांगावं लागलं नाही. आम्ही दोन्ही कडी पितळी ताटलीत घालून ओट्यावर नेली. काकांनी सवयीनं बारीक कडं उचललं, उलटं केलं, त्यावरचं पीठ नखानं खरवडलं. टर्बोचे दोन अर्धे जवळ घेतले, मधे कडं ठेवलं आणि दाबलं. टक् असा आवाज झाला. त्या आवाजाची काकांनी एक वर्ष वाट पाहिली होती.

त्यांनी नखातल्या पिठाकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, अंगणातल्या घमेल्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील, नाचतील. ते म्हणाले, "म्हणजे गोणीत सगळं बरोबर होतं."

"हो."

"आणि मी त्या माणसाला चोर म्हणालो."

डिझेलच्या कड्यातून गेलेला तो पहिला घाणा काकूंनी गाईलासुद्धा घातला नाही. पण जाड कडं स्वच्छ करून यंत्रात बसवलं आणि पुढचे घाणे असे सरसर उतरले की ऊन चढायच्या आत गच्चीभर दोऱ्या शेवयांनी भरल्या. वाळल्यावर त्यांतला मोठा पुडा काकूंनी बांधून काकांच्या हातात दिला. "जावा. आन् रस्ता ओलांडू नका."

मी सोबत गेले. गोडाऊनच्या दारात काका उभे राहिले. पुडा या हातातून त्या हातात केला. शेवटी सगळं सांगितलं: घमेलं, पाणी, यंत्र. चाचांनी शांतपणे ऐकलं. पुडा घेतला, उलटा केला, वास घेतला.

"साहब, एक बरस मेरेकू चोर बोले."

"बोला. गलती हो गई."

"और मेरा टर्बो आपके घर में सेवैयाँ बनाता था."

"बनाता नहीं था. सिरफ गिराता था."

चाचा पोत्यावर बसून हसायला लागले. मग त्यांनी पुड्याकडं बोट दाखवून विचारलं, "इसमें ग्रीस तो नै ना?" आणि आतून तीन कप चहा मागवला. काकांनी कप उलटा करून बघितला नाही. कारण तो भरलेला होता. नाहीतर बघितला असता.

परतताना घराच्या वाटेला न लागता काकांनी रिक्षा गुलमंडीकडं वळवायला लावली. भांड्यांवर नावं घालणाऱ्याच्या दुकानापाशी उतरून त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. यंत्राचं जाड कडं, आणि टर्बोची हवेच्या बाजूची ॲल्युमिनियमची गोगलगाय.

"दोन्हीवर नाव घाला. नंबर नव्हता म्हणून घोळ झाला. आता होणार नाही."

दुकानदार गोगलगाय फिरवून फिरवून बघत म्हणाला, "हे कसलं भांडं?"

"नवीन पद्धतीचं. तुम्ही घाला."

"काय घालू?"

काकांनी काकूंचं नाव सांगितलं. दोन्हीवर एकच. पुढं 'सौ.' लावून. घरी आल्यावर काकूंनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "माझं नाव धुरात घातलं व्हय?"

"धुराच्या नाही," काका म्हणाले, "हवेच्या बाजूला."

तृतीयेच्या दिवशी सकाळी पुरणाचं जेवण डब्यात भरून आम्ही निघालो. काका, काकू, मी आणि मागं माझ्या शेजारी चाचा. काकांनी त्यांना साक्षीदार म्हणून नेलं होतं. दौलताबादचा घाट लागला. तीच पेरूवाली, तेच वळण. तिनं आमची गाडी ओळखली आणि कान टवकारले. शिट्टी आली नाही. चढ वाढला तसा बॉनेटमधून एक भरदार, घुमणारा आवाज निघाला, कुणी मागून पाठीवर हात ठेवून पुढं नेत असल्यासारखी गाडी वर सरकली. चाचांनी माझ्या कानात सांगितलं, "सुना? वोइच है टर्बो." खुलताबाद मागं पडलं. म्हैसमाळचा शेवटचा चढ आला. काकूंनी सीटची कड घट्ट धरली, एक हात दाराच्या कडीवर, उतरायच्या तयारीत. मग चढ संपला, पुढं नुसतं पठार होतं, करपलेलं, पिवळं, आणि लांबच लांब मोकळं आभाळ. काकूंनी कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"एवढंच व्हय म्हैसमाळ?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

"चांगलंय की."

पुरणपोळ्या झाडाखाली खाल्ल्या. हात धुवायला आणलेलं पाणी काकूंनी खाली सांडू दिलं नाही. झाडाच्या बुंध्याशी ओतायला लावलं. चाचा सावलीत आडवे झाले. काका मात्र बेचैन दिसत होते. पैज ते जिंकले होते. शेड राहणार होती. त्यांनाच ते बरं वाटत नव्हतं.

"बोअरवाल्याला काय सांगणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"ये म्हणून सांगणार," काकू म्हणाल्या. "आवो, जी गाडी चालत नाय तिलाच शेड लागती. ही काय, दारातल्या लिंबाखाली उभी राहील."

काका एकदम काकूंकडं बघायला लागले. इतकी वर्षं जमिनी मोजलेल्या माणसाला हा साधा बांध दिसला नव्हता. मग ते मोठ्यानं हसले, इतके की चाचा उठून बसले आणि "क्या हुआ, क्या हुआ?" करायला लागले.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या हातानं शेडचे पत्रे काढले. बोअरला पाणी लागलं. फार नाही, घरापुरतं. पाणाड्याला निरोप गेला, तो येऊन पुन्हा दक्षिणा घेऊन गेला. घमेल्याचा क्रम काकूंनी मोडला नाही. यंत्र तेवढं वेगळ्या बादलीत धुवायचं, एवढा एकच नियम वाढला.

त्या घरात मी लग्नापर्यंत राहिले. निघताना काकूंनी मला शेवयांचं यंत्र दिलं. त्यांचे हात दुखायचे आणि पुण्याला दिलेली त्यांची मुलगी तयार शेवयाच आणायची. दर उन्हाळ्यात मी ते खोलते, कडं पुसते, नावावरून अंगठा फिरवते आणि बसवते. पीठ कडेनं येत नाही.

काकांनी नजर कमी झाल्यावर गाडी चालवणं सोडलं आणि पैज जिंकलेली असूनही ती चाचांनाच दिली. चाचांनी ती खोलली. कुठला भाग कुठं गेला, हे आता काका नाहीत आणि चाचाही नाहीत, तर कुणाला विचारणार. पण तो टर्बो चांगला होता, वाया गेला नसणार. जालन्याकडं, जळगावकडं, कुठंतरी कुणाच्या तरी गाडीत असेल, किंवा पुन्हा एकदा कुठल्यातरी गोणीत. कधीतरी कुणी हौशी माणूस ओट्यावर बसून तो डिझेलच्या फडक्यानं पुसेल. उलटा करेल. 'सौ.' लावलेलं ते नाव वाचेल आणि ही कुठली कंपनी म्हणून चार ठिकाणी विचारेल. कुणाला सांगता येणार नाही. पण हा टर्बो आपला नाही, चांगल्या घराण्यातला आहे, एवढं त्याला नक्की कळेल.